परळी बंद, मग वीज येते कुठून?

मागच्या अंकात मी ओघात लिहिलं होतं की महावितरण दररोज बाजारातून वीज विकत घेते आणि कधी कधी विकतेही. त्या एका वाक्यावर बीड, लातूर, परभणी, जालना, संभाजीनगर अशा सगळ्या बाजूंनी पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी वीज मंडळातून निवृत्त झालेला अभियंता. सुरुवातीची नोकरी अंबाजोगाईजवळच्या गिरवली उपकेंद्रात झाली, शेवटची कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे कुठल्या केंद्राने किती वीज करायची हे जिथून सांगितलं जातं तिथे. मूळ गाव केज तालुक्यात. शेती अजून धाकटा भाऊ बघतो.

प्रश्न : परळीचं औष्णिक केंद्र आमच्या गच्चीवरून दिसतं. कितीतरी वेळा संच बंद असतात, आणि त्याच दिवशी कानावर येतं की राज्यानं बाजारातून वीज घेतली. दारात वीज तयार करायची सोय असताना बाहेरून कामून आणायची? माझे दीर त्या केंद्रात कंत्राटी कामावर आहेत. संच बंद झाला की आमच्या घरात काळजी सुरू होते.
— एक भगिनी, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, परळीचा संच थांबण्यामागे दोन निरनिराळी कारणं असतात आणि बोलण्यात ती एकमेकांत मिसळतात.

पहिलं कारण पाणी. कोळसा जाळून वाफ करायची तर पाणी अखंड लागतं. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून परळी बंद करावी लागली. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. यात बाजाराचा काही संबंध नाही. उलट त्या काळात विदर्भातली आणि राज्याबाहेरची वीज तारांवरून आपल्याकडे पोचत होती, म्हणून लातूर-बीडचे दिवे लागत राहिले. ज्या मुलखात पाण्याची खात्री नाही, त्यानं विजेसाठी जवळच्या एकाच केंद्रावर विसंबून राहणं धोक्याचं आहे, हे मी तेव्हापासून म्हणत आलो आहे.

दुसरं कारण दर, आणि तुमचा प्रश्न खरा त्याबद्दल आहे. महावितरणची बहुतेक वीज लांब मुदतीच्या करारांतून येते : महानिर्मिती, एनटीपीसी, अणुऊर्जा, खाजगी केंद्रं, पवन, सौर. औष्णिक केंद्राच्या करारात पैशाचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार, म्हणजे यंत्रं उभारली, कर्ज काढलं, माणसं ठेवली त्याचा खर्च. केंद्र चालायला तयार असेल तर वीज घेतली नाही तरी हा द्यावाच लागतो. दुसरा भाग इंधनाचा. जेवढी युनिटं घेतली तेवढ्याचाच. रोजचा निर्णय घेताना पहिला भाग कुणी मोजत नाही, कारण तो जाणारच आहे. फक्त इंधनाचा दर बघतात. सगळ्या संचांची त्या दरानं उतरंड लावतात, स्वस्त वर आणि महाग खाली, आणि मागणी पुरी होईपर्यंत वरून घेत येतात. याला आम्ही मेरिट ऑर्डर म्हणतो. परळीचा कोळसा रेल्वेनं लांबून येतो, वाहतुकीचा खर्च त्यात चढतो, म्हणून परळीचे २५० मेगावॉटचे तिन्ही संच या यादीत बहुधा खालच्या अंगाला असतात. समजा परळीच्या एका युनिटला कोळशाचे चार रुपये पडतात आणि दुपारी बाजारात तेच युनिट अडीच रुपयांना मिळतंय, तर कंपनी बाजाराकडे वळते. तो वाचलेला दीड रुपया शेवटी तुमच्या-माझ्या बिलात कमी व्हायला हवा, असं गणित आहे.

आता हा बाजार कसा चालतो ते सांगतो. २००३ च्या वीज कायद्यानं वाट मोकळी केली आणि देशातलं पहिलं वीज विनिमय केंद्र जून २००८ मध्ये सुरू झालं. आज अशी तीन आहेत. मुख्य सौदा आदल्या दिवशी होतो. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात. सकाळच्या ठरावीक वेळात देशभरातले खरेदीदार आणि विक्रेते प्रत्येक तुकड्यासाठी आपापली बोली लावतात. कुणाला कुणाची बोली दिसत नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या प्रत्येक ढिगाला वेगळा भाव निघतो. इथे तसं नसतं. त्या पंधरा मिनिटांची गरज भागवायला जो शेवटचा विक्रेता घ्यावा लागला, त्याचा भाव सगळ्यांना लागू होतो. दोन रुपयांत द्यायला तयार असलेल्यालाही मग चार मिळतात. याशिवाय १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला सौदा होणारा बाजारही आहे. अचानक ढग आले, सौर वीज घसरली, की थोड्या वेळात दुसरीकडून वीज मागवता येते. आम्ही नोकरीत होतो तेव्हा अशा वेळी एकच उपाय हातात असायचा. फोन उचलायचा आणि कुठला तरी फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वाहिनी, बंद करायला सांगायचं.

कळव्याला पाळीवर असताना परळीचा संच मागे घ्यायची सूचना मी स्वतः दिली आहे. यादीत ज्याचा नंबर होता त्याला ती द्यावीच लागते, पण आपल्या भागातल्या संचाला ती देताना मन जड होतं. माझं स्पष्ट मत सांगतो. दुपारच्या भावावरून परळीला महाग ठरवून मोडीत काढणं चुकीचं आहे. सूर्य मावळला की बाजारात भाव चढतो, उन्हाळ्यातल्या कित्येक संध्याकाळी तो नियामक आयोगाने घातलेल्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो, आणि तेव्हा परळीचं चार रुपयांचं युनिट स्वस्त असतं. शिवाय वापर जिथे आहे तिथे जवळ संच चालू असला की टोकाच्या गावांना विजेचा दाब (व्होल्टेज) नीट मिळतो. दुपारी कमी भारावर आणि संध्याकाळी पूर्ण भारावर चालेल अशी परळी सुधारून घ्यावी, अशी मागणी आपल्या भागातून गेली पाहिजे. तुमच्या दीरांसारख्यांच्या कामाचं काय, हा प्रश्न त्या मागणीतच आला पाहिजे. यादीतल्या आकड्यांत माणसं दिसत नाहीत, ती आपल्यालाच दाखवावी लागतात.

प्रश्न : उन्हाळा आला की बिलात इंधन समायोजन आकार वाढलेला दिसतो. बाजारातल्या सट्ट्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा? सगळी वीज कराराने घेऊन टाकली तर हा त्रास संपणार नाही का?
— निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, सगळी वीज कराराने घेण्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार आठवा. पहिल्या टप्प्याचे ७४० मेगावॉट १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणं थांबवलं, कारण करारातला दर पेलवत नव्हता. लांबचा करार चुकला की पिढीभर पैसे जात राहतात. बाजारातला एक वाईट दिवस दुसऱ्या दिवशी संपतो. म्हणून बरीच वीज करारातून आणि वरची थोडी बाजारातून, ही पद्धत मला योग्य वाटते. आजही देशात तयार होणाऱ्या विजेतला ढोबळमानाने दहावा हिस्सा किंवा त्याहून कमीच या विनिमय केंद्रांतून जातो. तुमच्या बिलाचं मोठं कारण दुसरीकडे आहे : स्थिर आकार, वहन आकार (तारांवरून वीज पोचवण्याचा खर्च), गळती आणि थकबाकी. बिलाची मागची बाजू एकदा सावकाश वाचा, तिथे प्रत्येक आकार वेगळा छापलेला असतो.

तरी तुमची तक्रार निराधार नाही. मार्च २०२२ मध्ये ऊन लवकर तापलं, कोळशाचे साठे आटले आणि बाजारातला भाव युनिटला २० रुपयांच्या मर्यादेपर्यंत गेला. मग केंद्रीय वीज नियामक आयोगाने मर्यादा १२ रुपयांवर आणली आणि एप्रिल २०२३ पासून १० रुपयांवर. ग्राहकाला याचा आधार मिळाला हे खरं. पण मर्यादा घातल्याने वीज वाढत नाही. घेणारे खूप आणि विकणारे थोडे असले की दहा रुपये मोजायची तयारी असूनही हवी तेवढी वीज मिळत नाही, आणि मग भारनियमनाशिवाय इलाज उरत नाही. अशा वेळी ज्या वितरण कंपनीने उन्हाळ्याची गरज हिवाळ्यातच ओळखून काही महिन्यांचे छोटे करार करून ठेवलेले असतात, ती तरते. जी ऐनवेळी बाजारात धावते ती भाव देऊन बसते. माझा राग बाजारावर नाही, अशा उशिरा जागं होण्यावर आहे. त्याचा खर्च इंधन समायोजनाच्या ओळीत तुमच्या दारात येतो.

उधारीचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. १८ ऑगस्ट २०२२ रोजी वीजनिर्मिती कंपन्यांची देणी थकवल्याच्या कारणावरून १३ राज्यांतल्या वितरण कंपन्यांना बाजारात खरेदी-विक्री करायला मनाई झाली. त्या यादीत महाराष्ट्राचंही नाव होतं. बाजारात सामील होणं म्हणजे वेळेवर पैसे देण्याची शिस्तही पत्करणं. ती शिस्त फक्त मुंबईच्या कार्यालयातून येत नाही, वसुलीतून येते, म्हणजे आपल्या गावातून येते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत डेन्व्हरला असते. ती सांगत होती की तिकडच्या वीज कंपन्या शेजारच्या राज्यांबरोबर एकत्र बाजारात सामील होणार आहेत आणि त्यावर खूप चर्चा चालू आहे. आपल्याकडे असं सामील व्हायचं की नाही हे कोण ठरवतं?
— एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बाई, तुमच्या मुलीने सांगितलं ते बरोबर आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात बऱ्याचशा कंपन्या आपापल्या हद्दीचा समतोल स्वतः सांभाळत आल्या. वीज लागली की शेजाऱ्याला फोन करून दोघांत सौदा. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाची ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जोडलेलं जाळं, चालवणारी संस्था आणि पॅसिफिकॉर्प ही कंपनी यांनी मिळून ऐनवेळच्या विजेचा एक सामाईक बाजार सुरू केला आणि मग एकेक कंपनी त्यात येत गेली. तुमची मुलगी राहते त्या कोलोरॅडो राज्याने २०२१ मध्ये कायदा करून आपल्या पारेषण कंपन्यांना २०३० पर्यंत अशा संघटित बाजारात जाणं बंधनकारक केलं. वाद चालतो तो कुठल्या बाजारात जायचं यावर. एक बाजार कॅलिफोर्नियाचा, दुसरा आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमधून चालणारा साउथवेस्ट पॉवर पूल. कॅलिफोर्नियाच्या संस्थेचं संचालक मंडळ तिथला गव्हर्नर नेमतो. शेजारच्या राज्यांना वाटतं, आमच्या विजेचा निर्णय दुसऱ्या राज्याच्या माणसांनी का घ्यावा? त्यांची ही शंका मला रास्त वाटते. नियम कोण लिहितो यावर कोणाला फायदा होणार ते ठरतं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. दक्षिण सोडून बाकीच्या देशाच्या तारा आधी एका ग्रीडमध्ये जोडल्या गेल्या आणि बाजार नंतर आला. बाजाराचे नियम केंद्रीय आयोग करतो, ग्राहकाचा दर राज्याचा आयोग ठरवतो. महावितरणला एकदाच कायमचं सामील व्हायचं नसतं. उद्यासाठी बोली लावायची की नाही हे ती रोज ठरवते. त्यामुळे तिकडे जशी जाहीर सुनावण्या घेऊन, लोकांना विचारून चर्चा होते, तशी आपल्याकडे होत नाही. ती व्हावी असं मला वाटतं. राज्य आयोगाच्या दरसुनावणीत कोणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, आणि मराठवाड्यातून अशा हरकती फार थोड्या जातात.

वेगळं राहण्याची किंमत काय असते हेही तुमच्या मुलीच्या देशातच दिसलं. टेक्सासने आपली ग्रीड शेजाऱ्यांपासून जवळजवळ तुटक ठेवली आहे. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथली केंद्रं बंद पडली, बाहेरून पुरेशी वीज आणायला तारा नव्हत्या आणि घाऊक भाव युनिटला ९ डॉलरच्या मर्यादेला जाऊन तिथेच दिवसेंदिवस थांबला. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली.

प्रश्न : सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. 'एक देश, एक ग्रीड' नेमकं कधी झालं? आणि २०१२ च्या मोठ्या अंधारात महाराष्ट्र का वाचला?
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : बाळा, पाच विभाग लक्षात ठेव : उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व, ईशान्य. महाराष्ट्र पश्चिम विभागात, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्याबरोबर. आपला विभाग पूर्वेशी २००३ मध्ये आणि उत्तरेशी २००६ मध्ये एका ठोक्यात जुळला. दक्षिण राहिली होती. ती ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर या ७६५ केव्ही वाहिनीने जोडली गेली. म्हणजे देशाची शेवटची गाठ आपल्या धाराशिवच्या शेजारच्या जिल्ह्यातून बांधली गेली. आज जालन्याचा पंखा आणि मदुराईचा पंखा एकाच वारंवारितेवर फिरतो. ही वारंवारिता, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, ५० हर्ट्झच्या आसपास, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते.

२०१२ मध्ये ३० जुलैला उत्तर भारत अंधारात गेला आणि ३१ ला उत्तर, पूर्व, ईशान्य असे तीन विभाग. उत्तरेकडची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, आपल्या विभागाला उत्तरेशी जोडणाऱ्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर भार वाढत गेला आणि ती तुटली. पश्चिम विभाग वेगळा झाला आणि उभा राहिला. ठरलेल्यापेक्षा जास्त किंवा कमी वीज घेतली तर दंड, हा नियम त्यानंतर २०१४ मध्ये अधिक कडक झाला. परीक्षेत विचारतील न विचारतील, पण हे समजून घे : सगळे एकत्र जोडलेले असताना एकाने बेशिस्त केली तर त्याचा फटका सगळ्यांना बसतो. जोडणी आणि शिस्त ही दोन्ही एकदमच लागतात.

प्रश्न : माझी डाळ मिल आहे. मी थेट बाजारातून वीज घेऊ शकतो का?
— व्यावसायिक, उदगीर

उत्तर : तुमचा मंजूर भार एक मेगावॉट किंवा जास्त असेल तर कायद्याने मार्ग खुला आहे. सौर-पवन अशा हरित विजेसाठी २०२२ च्या नियमांनी ही अट १०० किलोवॉटवर आणली आहे. पण बाजारातला भाव बघून लगेच हुरळू नका. त्यावर पारेषण आकार, वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार (छोट्या ग्राहकांच्या सवलतीसाठी मोठ्यांकडून घेतात तो), अतिरिक्त अधिभार आणि गळती चढते. जालन्याच्या स्टील कारखान्यांसारख्या मोठ्या भट्ट्या चोवीस तास वीज खातात, त्यांना हे गणित जमू शकतं. हंगामात चालणाऱ्या मिलला बहुतेक वेळा छपरावरचं सौर जास्त परवडतं.

प्रश्न : आमची डीपी जळाली, गाव चार दिवस अंधारात आहे. बाजारात वीज कमी असल्यामुळे असं होतं का?
— ग्रामस्थ, मुखेड तालुका

उत्तर : नाही. डीपी म्हणजे गावचं रोहित्र, तिचा बाजाराशी काहीही संबंध नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर ऐकून घेऊ नका. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलून देण्याचा नियम आहे. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तो लिहून ठेवा. त्या क्रमांकावरच पुढे भरपाई मागता येते.

प्रश्न : आमची दोन एकर मोसंबी आणि थोडा गहू आहे. आठवडाभर दिवसा लाईट, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला मालक गावाला गेलेले असले की मी आणि सासूबाई बॅटरी घेऊन जातो. साप, विंचू, आता बिबट्याचंही ऐकतो. असं ऐकलं की बाजारात वीज दुपारी स्वस्त असते. मग आम्हाला रात्रीची कामून देतात?
— शेतकरी महिला, घनसावंगी तालुका

उत्तर : ताई, आलेल्या पत्रांत हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. आमच्या भावकीतला एक पोरगा असाच रात्रीच्या पाण्याला गेला आणि साप चावून गेला. त्यामुळे या प्रश्नावर मला तटस्थ राहता येत नाही.

रात्रीची वीज शेतीला द्यायची पद्धत का पडली, ते आधी सांगतो. कोळशाचा संच घडीघडी बंद-चालू करता येत नाही. रात्री कारखाने मंदावतात, घरं झोपतात, मागणी खाली येते, आणि तरीही संच चालू ठेवावे लागतात. ती उरलेली वीज कुठे द्यायची? शेतीपंपांना. दिवसाची ताणाची वेळ सुटते, रात्रीचा खड्डा भरतो. वीज मंडळाच्या सोयीचं होतं ते, आणि मोल तुमच्यासारख्यांनी दिलं.

आता परिस्थिती पालटली आहे. राजस्थान, गुजरात, कर्नाटक आणि आपल्याकडेही सौर प्रकल्प एवढे झाले आहेत की सकाळी नऊ-दहापासून चार-पाचपर्यंत बाजारात विजेचा भाव पडतो आणि दिवे लागायच्या वेळी चढतो. रात्रीसुद्धा तो दुपारपेक्षा वरच असतो. म्हणजे तुम्हाला रात्री वीज देणं आता कंपनीलाही महाग पडतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, तिचे पैसे सरकार भरतं. त्यामुळे दुपारी पंप चालले तर तिजोरीचाही फायदा आहे. शेतकऱ्याची गरज आणि कंपनीचा नफा एकाच दिशेला आलेले मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिले नव्हते, ते आता दिसत आहेत.

मग अडतं कुठे? तारेत. बाजारात वीज स्वस्त असली तरी ती तुमच्या ३३ केव्ही उपकेंद्रापर्यंत यायला हवी. तालुक्यातले सगळे शेतीपंप एकाच वेळी दुपारी चालू झाले तर त्या उपकेंद्राचं रोहित्र आणि त्याला येणारी वाहिनी तेवढा भार उचलू शकत नाही. म्हणून निम्म्यांना दिवसा, निम्म्यांना रात्री अशी पाळी लावतात. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वाहिन्या आणि रोहित्रं वाढवणं. ते हवंच, पण वेळ लागतो. दुसरा, वीज लांबून आणण्याऐवजी त्या उपकेंद्राच्या शेजारीच तयार करणं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हेच करते. तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला झाला, तीन मेगावॉटचा. नांदेड जिल्ह्यात बामणी बुद्रुकलाही झाला. इथली वीज बाजारातून घेतलेली नसते. युनिटला साधारण तीन रुपये दराने लांब मुदतीचा करार असतो, आणि ती थेट शेतीच्या फीडरला मिळते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बाजार कितीही तापला तरी या दराला धक्का लागत नाही. दुपारी जास्त झालेली वीज वरच्या ग्रीडमध्ये जाते, ढगाळ दिवशी तिकडून येते. म्हणून मोठ्या ग्रीडशी जोडलेलं असणं आणि गावात वीज करणं, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. यांतलं एकच निवडा असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तुमच्या गावात हे यायचं तर सुरुवात जागेपासून होते. उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आसपास गायरान किंवा पडीक खाजगी जमीन लागते. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. ग्रामपंचायतीलाही वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान मिळतं. गायरानात ज्यांची गुरं चरतात त्यांना विचारल्याशिवाय ठराव करू नका. ते ज्यांचं एकमेव कुरण आहे त्यांचा विरोध खरा असतो, आणि तो नंतर कोर्टात निघण्यापेक्षा आधी ग्रामसभेत निघालेला बरा.

तोवर एक काम पंपावर करता येतं. ऑटो स्विच काढून टाका. लाईट आली की सगळ्या शिवारातले पंप एका क्षणी उठतात, दाब पडतो, मोटार जळते नाहीतर डीपी जाते. मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. हे सगळ्यांनी केलं तर त्याच डीपीवर दिवसाच्या पाळीत आणखी काही पंप चालवता येतील, आणि उपअभियंत्याकडे पाळी बदलून मागताना तुमच्या हातात सांगण्यासारखं काही असेल.

उपकेंद्रात जाऊन तुमच्या शेतीच्या फीडरचं नाव विचारा. गावठाणचा फीडर वेगळा झाला आहे का, आणि त्या उपकेंद्रावर सौर प्रकल्प मंजूर आहे का, हेही विचारा. जे उत्तर मिळेल ते मला कळवा. मंजूर असूनही काम अडलं असेल तर कशात अडलं आहे ते पुढच्या अंकात लिहितो.